जर्मन युद्धमोहिमांची पदकं जमवायला सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

मी विकत घेतलेलं पहिलं जर्मन पदक १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धाचं होतं. रिबिनीवर लढायांच्या नावांच्या दोन पट्ट्या होत्या, एक श्पिखेर्न आणि दुसरी व्योर्थ. विकणारा म्हणाला, दोन पट्ट्या आहेत त्यामुळे किंमत जास्त, मी दिली. मग दोन-तीन आठवड्यांनी या युद्धाबद्दल वाचत बसले तेव्हा कळलं की या दोन्ही लढाया एकाच दिवशी झाल्या, ६ ऑगस्ट १८७० ला, एक सारब्र्युकेनच्या बाजूला आणि दुसरी पार अल्सासमध्ये. एक सैनिक एकाच दिवशी दोन्हीकडे लढलाय हे शक्यच नाही. पदक खरं होतं, पट्ट्या कोणीतरी नंतर चढवलेल्या.

तेव्हापासून मी एकच बघते. हे पदक ज्याच्या छातीवर होतं तो माणूस डोळ्यासमोर उभा राहतोय का? धातू, रिबीन, पट्टी, कागद, सगळं मिळून एकाच माणसाची हकिकत सांगत असेल तर घ्यायचं, एक जरी गोष्ट फटकून असली तर परत ठेवायचं. मी श्टुटगार्टच्या बाजूला राहते, इथल्या बाजारांत आणि मेळ्यांत फिरून जे शिकले ते क्रमाने लिहितेय, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील.

१. आधी एक युद्ध निवडा

"जर्मन पदकं" हा प्रकार इतका मोठा आहे की सगळंच जमवायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. १८७१ च्या आधी जर्मनी हा एक देशच नव्हता, प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, बाडेन अशी वेगवेगळी राज्यं आणि प्रत्येकाची आपापली पदकं. नवख्या माणसाने प्रशियापासून सुरुवात केलेली बरी, माल जास्त मिळतो आणि माहितीही.

मोहिमेची मुख्य पदकं साधारण अशी:

- १८६४, डेन्मार्कविरुद्धचं युद्ध. प्रशिया आणि ऑस्ट्रिया एकत्र लढले, म्हणून पदकावर दोन्ही राजांची आद्याक्षरं. ड्युपेलच्या तटबंदीवरच्या हल्ल्यासाठी (१८ एप्रिल १८६४) आणि आल्सेन बेटासाठी वेगळे क्रॉस, म्हणजे क्रुसाच्या आकाराची पदकं.
- १८६६. तेच दोघं दोस्त आता एकमेकांविरुद्ध. प्रशियाने ऑस्ट्रियाकडून जिंकलेल्या तोफा वितळवून क्रॉस केले. कोनिगग्रेट्झच्या लढाईत (३ जुलै १८६६) असलेल्यांच्या क्रॉसवर त्या लढाईचं नाव, माइन नदीकडच्या सैन्यासाठी वेगळा मजकूर, बाकीच्यांसाठी आणखी वेगळा.
- १८७०-७१, फ्रान्स. सम्राट विल्हेल्म पहिला याने २० मे १८७१ ला सुरू केलं.
- १९००-०१, चीन. १० मे १९०१ ला सुरू.
- नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया. १९ मार्च १९०७ ला सुरू.
- वसाहतींमधल्या इतर मोहिमांसाठीचं पदक, १९१२.
- पहिलं महायुद्ध. याचा क्रॉस थेट १९३४ मध्ये आला, लोक त्याला हिंडेनबुर्ग क्रॉस म्हणतात.

आयर्न क्रॉस या यादीत नाही, कारण तो शौर्यासाठी किंवा कामगिरीसाठी दिला जायचा, मोहिमेत हजर होता म्हणून नाही. नवीन लोक नेमकी त्याच्यापासूनच सुरुवात करतात कारण नाव ऐकलेलं असतं, पण सगळ्यात जास्त नकलाही त्याच्याच बनतात. त्याच्या वाटेला पहिलं वर्षभर तरी जाऊ नका.

माझं ऐकाल तर पहिली खरेदी हिंडेनबुर्ग क्रॉसची करा. तो साधारण ८० लाख लोकांना दिला गेला, त्यामुळे आजही अगदी थोड्या युरोंमध्ये मिळतो आणि इतक्या स्वस्त वस्तूची नक्कल करून फारसा फायदा नसतो. तीन प्रकार आहेत: आघाडीवर लढलेल्यांसाठी तलवारी असलेला, बाकी युद्धसेवा केलेल्यांसाठी बिनतलवारीचा, आणि ज्यांचा मुलगा किंवा नवरा युद्धात मारला गेला त्या आईवडिलांसाठी आणि विधवांसाठी काळ्या रंगाचा. हा काळा क्रॉस सात लाखांहून जास्त घरांत गेला. तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नव्हते, कारण बाकी पदकं लढून परत आलेल्याची असतात आणि हे न आलेल्याचं.

२. लागणारं सामान

- छोटं पण जोरदार लोहचुंबक
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- व्यास आणि जाडी मोजायला डिजिटल कॅलिपर, प्लॅस्टिकची टोकं असलेला बघा म्हणजे ओरखडा पडत नाही
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, सोनाराकडे असतो तसा
- अल्ट्राव्हायोलेट टॉर्च
- सुती हातमोजे
- एक वही. मोबाईलमध्ये नोंद ठेवली तरी चालेल पण वही बरी, बाजारात उभ्या उभ्या लिहिता येतं.

हे सगळं मिळून एका मधल्या दर्जाच्या पदकाएवढा खर्च होतो. तो आधी करा.

३. लोहचुंबक लावा, धातू काय सांगतो ते ऐका

मला हा विषय आवडायला लागला तो इथेच. १८७०-७१, चीन आणि नैऋत्य आफ्रिका या तिन्ही पदकांमध्ये एक साधा नियम आहे: लढणाऱ्याला ब्राँझचं, न लढणाऱ्याला पोलादाचं. न लढणारा म्हणजे प्रत्यक्ष लढाई सोडून इतर सेवा केलेला. ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही, पोलाद चिकटतं, म्हणजे दोन सेकंदांत तुम्हाला कळतं की हा माणूस साधारण कुठे होता.

आता यावर मजकूर जुळवून बघा. १८७०-७१ च्या ब्राँझच्या पदकावर "विजयी सैन्याला" अशा अर्थाचं जर्मन वाक्य असतं, पोलादाच्या पदकावर "युद्धातल्या कर्तव्यनिष्ठेबद्दल". ब्राँझच्या कडेवर बारीक अक्षरांत "आउस एरोबेर्टेम गेश्युट्झ" कोरलेलं असतं, म्हणजे "जिंकून घेतलेल्या तोफेपासून". फ्रेंचांच्या तोफा वितळवून पदकं केली होती. कडेवरचा हा मजकूर बघायला नवीन लोक विसरतात, कारण फोटोत कड दिसतच नाही! ऑनलाइन घेताना कडेचा फोटो मागाच, विकणारा टाळाटाळ करत असेल तर तुम्हीही टाळा. चीनच्या पदकातही तसंच, ब्राँझवर "विजयी योद्ध्यांना" आणि पोलादावर "चीन मोहिमेतल्या सेवेबद्दल" असा मजकूर.

म्हणजे चुंबकाला चिकटणारं पदक आणि वर मजकूर विजयी सैन्याचा, असं आढळलं तर तिथेच थांबायचं.

हिंडेनबुर्ग क्रॉस लोखंडी असतो, तो चिकटायलाच हवा. मागे बनवणाऱ्या कारखान्याचा शिक्का असतो. आणि काळ्या क्रॉसचा रंग भिंगाखाली नीट बघा, साध्या क्रॉसला नंतर रंग फासलेला असेल तर तो खाचांमध्ये जाड साचलेला दिसतो.

ओतून केलेल्या नकला ओळखायला भिंग. खरी पदकं ठशाने दाबून काढलेली असतात, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार आणि मधली सपाट जागा गुळगुळीत. ओतीव नकलेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरं साबणासारखी झिजल्यागत वाटतात, कडेवर शिवण घासून काढल्याची खूण असते. व्यास मोजा, वजन करा, वहीत लिहा. चार खरी पदकं मोजलीत की पाचवं खोटं हाताला लगेच जाणवतं.

४. लढायांच्या पट्ट्या: सगळ्यात मोठा सापळा

१८७०-७१ च्या पदकाला मुळात पट्ट्या नव्हत्याच. युद्धाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १८९५ मध्ये विल्हेल्म दुसऱ्याने त्या सुरू केल्या, एकूण २५ प्रकारच्या. तोपर्यंत बरेचसे सैनिक म्हातारे झालेले, काही वारलेले, आणि पट्टी स्वतःच्या पैशाने घ्यायची होती. त्यामुळे बहुतेक खऱ्या पदकांवर एकही पट्टी नसते. बिनपट्टीचं पदक अपुरं आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि पट्टी नुसती सरकवून रिबिनीवर बसते. सुटी पट्टी आणा, चढवा, झालं. म्हणून इथे नकाशा आणि तारखा कामाला येतात:

- श्पिखेर्न आणि व्योर्थ एकत्र: दोन्ही ६ ऑगस्ट १८७०. नाही म्हणा.
- सां कांतां आणि मों व्हालेरियां एकत्र: दोन्ही १९ जानेवारी १८७१, एक उत्तर फ्रान्समध्ये, एक पॅरिसच्या दारात. नाही म्हणा.
- ल मां, लिझेन आणि सां कांतां तिन्ही: तिन्ही जानेवारी १८७१ मधल्या, एक पश्चिमेला, एक पूर्वेला बेलफोर्टजवळ, एक उत्तरेला. हिवाळ्यातल्या त्या दहा दिवसांत कोणी पायदळ सैनिक तिन्हीकडे पोचणार नाही.

उलट ग्राव्हेलोट (१८ ऑगस्ट) आणि मग पॅरिसचा वेढा, किंवा व्योर्थ आणि मग सेदां (१ सप्टेंबर), असं असेल तर रेजिमेंटचा मार्ग जुळू शकतो, ते तपासून बघा. मी फ्रान्सचा एक मोठा नकाशा छापून घेतलाय आणि त्यावर २५ च्या २५ लढाया तारखेसकट लिहिल्यात, तुम्हीही करा. एका संध्याकाळचं काम आहे आणि मला तरी कुठल्याही पुस्तकापेक्षा त्याचा जास्त उपयोग झालाय.

५. रिबीन

रिबीन उलटी करून बघा. खऱ्या जुन्या रिबिनीची पुढची बाजू उन्हाने फिकी पडलेली असते आणि मागची, कापडाला टेकलेली, अजून गडद असते. दोन्ही बाजू सारख्याच मळकट असतील तर चहात बुडवून जुनी केलेली असण्याची शक्यता आहे.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधारात मारा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यांमध्ये आणि साबणांमध्ये चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी उजळतात. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण खरी रिबीनही कोणा आजीने १९६० च्या सुमारास साबणाने धुतलेली असू शकते, आणि खऱ्या पदकाला नवीन रिबीन लावलेली असते तेव्हा पदक खोटं ठरत नाही, फक्त किंमत कमी व्हायला हवी.

एकाच माणसाची सगळी पदकं एका पट्टीवर ओळीने शिवलेली असतात, तिला ऑर्डन्सश्पांगे म्हणतात. माझ्या मते पैसे जमवून घ्यायची वस्तू हीच. मागचं कापड, टाके, शिंप्याचा किंवा दुकानाचा कागदी लेबल, सगळं बघा. टाके एकाच हाताचे आणि एकाच दोऱ्याचे हवेत. मधलंच एक पदक नवीन दोऱ्याने शिवलेलं असेल तर मूळचं कुठेतरी गेलंय. आणि घेतल्यावर ती उसवू नका, कृपा करून! सुटी पदकं जास्त किमतीला जातात म्हणून काही विक्रेते या पट्ट्या फोडतात, एक माणूस पाच तुकड्यांत पाच देशांत जातो आणि मग तो परत कधीच जुळत नाही.

या पट्ट्यांवर पिवळ्या रिबिनीचं एक पदक फार वेळा दिसतं, १८९७ चं, विल्हेल्म पहिल्याच्या जन्मशताब्दीचं. ते मोहिमेचं पदक नाही, आठवणीचं आहे, पुष्कळ लोकांना दिलेलं. त्याचे मोहिमेच्या पदकासारखे पैसे देऊ नका. तसंच माजी सैनिकांच्या संघटनांनी, उदाहरणार्थ क्युफहॉयझरबुंडने, पहिल्या महायुद्धानंतर स्वतःची पदकं काढली होती. दिसायला भारी असतात, पण सरकारी नाहीत.

६. जाहिरातीतले जर्मन शब्द

हे पाठच करा:

- कोपी, रेप्लिक, झाम्लरआनफेर्टिगुंग: नक्कल. शेवटचा शब्द लांबलचक असल्याने भारदस्त वाटतो, पण अर्थ "संग्राहकांसाठी बनवलेलं" एवढाच.
- नाखप्रेगुंग: नंतर पाडलेला ठसा.
- त्साइटगेनोसिश: त्याच काळातलं.
- ट्स्वाइटश्ट्युक: मालकाने स्वतःच घेतलेली दुसरी प्रत. ही नक्कल नसते, त्याच काळातली असते, फक्त सरकारने दिलेली नसते.
- कोनव्होलूट: एकत्र विकायला काढलेला ढीग. नवख्यांनी लांब राहा, दोन खरी आणि आठ भंगार असं असतं.
- नाखलास: वारलेल्या माणसाच्या घरातलं सामान. शब्द खरा असेल तर सोनं, पण जो तो हाच शब्द लिहितो, म्हणून कागद मागा.
- आउफगेल्ड: लिलावघराचं कमिशन, तुमच्या बोलीच्या वर. पाचवा-चौथा हिस्सा सहज होतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. बोली लावायच्या आधी हा आकडा वाचा, मग शेवटची किंमत ठरवा.

खरेदी कुठे? पहिलं वर्ष नाण्यांच्या आणि पदकांच्या मेळ्यात जा आणि नुसतं बघा, हातात घ्यायला मागा. चांगले विक्रेते आनंदाने देतात, "प्लीज कड बघू का" म्हटलं की त्यांना कळतं तुम्ही शिकताय. फ्ली मार्केटला सकाळी लवकर. लिलाव दुसऱ्या वर्षी.

७. कागद मिळाला तर धातूपेक्षा जास्त जपा

पदकांवर सहसा नाव कोरलेलं नसतं. नाव असतं ते प्रमाणपत्रावर आणि मिलिटेअरपासमध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवापुस्तिकेत. त्यात रेजिमेंट, बढत्या आणि भाग घेतलेल्या लढाया लिहिलेल्या असतात, म्हणजे पट्ट्या खऱ्या की खोट्या याचं उत्तर तिथेच. हिंडेनबुर्ग क्रॉस अर्ज करून मिळायचा, म्हणून त्याची प्रमाणपत्रं भरपूर आहेत, नाव आणि गावासकट. क्रॉस आणि प्रमाणपत्र एकत्र मिळत असतील तर थोडे जास्त पैसे द्या.

हस्ताक्षर कुरेंट लिपीत असतं, आजच्या बहुतेक जर्मन लोकांनाही वाचता येत नाही. आपली मोडी आठवा, सरावाने येते तशीच हीही येते. रोज दहा मिनिटं, दोन महिने.

नाव मिळालं की शोध कुठे घ्यायचा हे राज्यावर अवलंबून. प्रशियाच्या सैन्याचं दप्तर पॉट्सडॅममध्ये होतं, ते एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जवळपास सगळं जळालं. बव्हेरियाचं दप्तर म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात आणि व्युर्टेम्बर्गचं श्टुटगार्टमध्ये अजून आहे. म्हणून माणूस शोधण्यात रस असेल तर या दोन राज्यांची कागदपत्रं बघा. पहिल्या महायुद्धातल्या मृत आणि जखमींच्या याद्या तर ऑनलाइन शोधता येतात.

८. आफ्रिका आणि चीनची पदकं घेण्याआधी

ही पदकं विकणाऱ्यांच्या टेबलावर "दुर्मीळ, वसाहतीची" म्हणून मिरवत असतात, आणि किंमतही तशी. नैऋत्य आफ्रिकेच्या पदकाच्या पट्ट्यांवर "वॉटरबर्ग" आणि "ओमाहेके" अशी नावं येतात. वॉटरबर्गला ११ ऑगस्ट १९०४ ला हेरेरो लोकांशी लढाई झाली आणि त्यानंतर त्यांना, बायकामुलांसकट, ओमाहेकेच्या कोरड्या वाळवंटात हाकललं गेलं. २ ऑक्टोबर १९०४ ला सेनापती लोथार फॉन ट्रोथाने हेरेरोंना संपवण्याचा लेखी हुकूम काढला. पुढे नामा लोकांचंही तेच झालं. जर्मन सरकारने २०२१ मध्ये याला वंशसंहार म्हटलं. आणि पदकावर लिहिलंय "विजयी योद्ध्यांना".

माझ्याकडे असं एक पदक आहे. ते मी घेतलं कारण हे घडलं याचा तो पुरावा आहे, पण त्याच्या खणात हुकमाच्या तारखेची चिठ्ठीही ठेवलीय आणि दाखवताना दोन्ही एकत्र दाखवते. तुम्हाला ते घ्यावंसं वाटणार नाही, तेही बरोबरच आहे. नुसतं दुर्मीळ म्हणून मात्र घेऊ नका.

चीनच्या पदकात आपलाही एक धागा आहे. चीनमधल्या बॉक्सर बंडाविरुद्ध, म्हणजे परदेशी लोकांविरुद्धच्या उठावाविरुद्ध, आठ देशांच्या फौजा गेल्या, त्यात ब्रिटिशांकडून हिंदी सैनिकही होते, त्यांनी ऑगस्ट १९०० मध्ये पेकिंगपर्यंत (आजचं बीजिंग) धडक मारली. जर्मन सेनापती वाल्डरझे आणि त्याची मोठी फौज पोचली ती त्यानंतर. म्हणून "पेकिंग" पट्टी असलेलं जर्मन पदक स्वस्तात दिसलं तर आधी तो सैनिक कुठल्या तुकडीतला, ते विचारा.

९. स्वस्तिक असलेली पदकं

१९३३ ते ४५ मधल्या बऱ्याच पदकांवर नाझींचं स्वस्तिक आहे, उदाहरणार्थ १९४१-४२ च्या रशियातल्या हिवाळ्याचं पदक. जर्मनीत फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ खाली ते चिन्ह जाहीर दाखवणं गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण वगैरेंसाठी सूट आहे, पण "आमच्याकडे हे शुभचिन्ह आहे" हे उत्तर तिथे लागू होत नाही, कारण प्रश्न त्या पदकाचा आहे. सोशल मीडियावर फोटो टाकू नका. १९५७ च्या कायद्यानंतर माजी सैनिकांसाठी स्वस्तिक काढून पुन्हा बनवलेली पदकं आली, ती कायदेशीर आहेत, पण ती युद्धकाळातली म्हणून विकली जात असतील तर सावध. नवख्यांनी १९१८ च्या आधीचं काही घ्यावं किंवा हिंडेनबुर्ग क्रॉस, त्यावर स्वस्तिक नाही.

१०. घासू नका

मी एक ब्राँझचं पदक चिंच आणि मीठ लावून घासलं होतं, घरी तांब्याची भांडी घासतात तसं. लखलखीत झालं, आणि दीडशे वर्षांची गडद झाक गेली ती गेलीच. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस. हिरवट पावडर वाढत असेल तर जाणकाराला दाखवा.

पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, आम्लरहित कागदात ठेवा. सागवानी कपाट चालेल असं वाटतं, पण लाकडातून निघणारी वाफही धातूला लागते, त्यामुळे धातूचा किंवा पुठ्ठ्याचा आम्लरहित डबा बरा. पोलादी पदकं आणि हिंडेनबुर्ग क्रॉस कोकणात, मुंबईत पावसाळ्यात नक्की गंजतात, सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदला.

११. भारतात नेणार असाल तर

आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेऊ देत नाही. म्हणजे १८७१ चं पदक पुण्याला नेलंत आणि दोन वर्षांनी परत जर्मनीला आणायला निघालात तर विमानतळावर अडचण होऊ शकते. जाताना कस्टमला दाखवा, खरेदीची पावती, पदकाचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, आणि भारतात आणल्याचा कागद, हे तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा. शक्य असेल तर नेण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारून लेखी उत्तर घ्या.

माझी श्पिखेर्न-व्योर्थवाली जोडी अजून माझ्याकडेच आहे. पट्ट्या काढून वेगळ्या पाकिटात ठेवल्यात, वर "नंतर चढवलेल्या" असं लिहून, म्हणजे माझ्यानंतर ज्याच्या हातात जातील त्याला तरी तारखा शोधत बसायला नको.